बेर्तलनची साखर

दर गुरुवारी मी त्याच्या बोटाला सुई टोचते.
तो तोंड फिरवून कपाटाकडे बघतो,
आणि मी आकडा सांगायच्या आत विचारतो,
‘त्रिएस्तेची नवीन दाखवू?’

सेगेद शहरात, तिसा नदीपासून दोन गल्ल्या आत,
पोस्टातून निवृत्त झालेला बेर्तलन
साखर जमवतो.
कॉफीच्या बशीत ठेवतात ती, पाच ग्रॅमची पुडी.
बुटांच्या खोक्यांत, देशावार, मग शहरावार,
आणि इथे त्याचा आवाज खाली येतो,
छपाई चुकलेल्यांचा वेगळा खोका.
एका पुडीवर जहाज उलटं छापलंय.
ती तो हातात देत नाही.

साखरेचं खाणाऱ्याला देव देतो म्हणे.
न खाणाऱ्याला कॅफेवाले देतात.
अंगातल्या साखरेवर डॉक्टरांचं लक्ष आहे,
कपाटातलीबद्दल त्यांना कुणी सांगितलेलं नाही.
मीही नाही.

तो स्वतः कुठे गेला नाही.
एकदा बुडापेस्टला, दाढ काढायला.
बाकीचं जग लोकांनीच खिशातून आणून दिलं:
टपाल वाटणाऱ्या पोरांनी, भाचीच्या नवऱ्याने,
आणि एका ट्रकवाल्याने,
ज्याच्या लिस्बनच्या पुडीला अजून डिझेलचा वास येतो.
‘नाकाला लाव. हळू. उडून जाईल.’

इबोल्या म्हणायची, हे मुंग्यांना आवतण आहे.
जूनमध्ये त्या आल्याच,
खिडकीच्या चौकटीतून, पोर्तुगालमार्गे थेट इटलीत.
जन्मभर टपाल लावलेला माणूस तो,
रांगेकडे बघत म्हणाला, ‘शिस्त बघ.’
इबोल्याने शिस्त पाहिली नाही, फडकं आणलं.

मग जुलै, आणि जर्दाळू.
तिच्या बहिणीच्या बागेतून दोन बादल्या,
सालीतून फुटायला आलेल्या,
रात्री दहाला, दुकानं बंद झाल्यावर.
डब्यात साखर वाटीभर.
जर्दाळू सकाळपर्यंत थांबत नाहीत.
तो घोरत होता.
तिने त्याच्या दाढीचं पातं घेतलं
आणि पुडीची खालची कड उसवली,
शिवणकाम उसवतात तशी, कागद न दुखवता.
मग दुसरी. मग झाग्रेब.
पातेल्यात पाच ग्रॅम, पाच ग्रॅम.
चारशे अकरा, तिने मला नंतर सांगितलं,
जहाज सोडून.
पहाटे रिकामे कागद तिने
होते त्याच क्रमाने परत लावले.

मी गेले तेव्हा जिन्यातच पाकाचा वास होता.
खोकी जमिनीवर उघडी. तो मध्ये बसलेला.
‘चपटे झाले,’ तो म्हणाला,
जसं कुणी सांगावं, गेला.
इबोल्या भांडी घासत होती, गरजेपेक्षा जास्त जोरात.
मी सुई टोचली. त्याने तोंड फिरवलं नाही.
कपाटाकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी टेबलावर अकरा बरण्या.
प्रत्येकीला चिठ्ठी, पोस्टातल्या त्या उभट अक्षरात:
लिस्बन, झाग्रेब, त्रिएस्ते, लुब्लियाना,
क्राकोव्ह, आणि पुढे अक्षर बारीक होत जाणारं,
चिठ्ठी बरणीला दोनदा गुंडाळलेली,
कारण जर्दाळूंचं गाव शेवटी लिहायचं होतं
आणि जागा उरली नव्हती.

आकडा नेहमीपेक्षा बराच वर.
‘किती चमचे?’
‘एकच,’ तो म्हणाला. ‘लांबून आलेला.’
इबोल्याने मागून दोन बोटं दाखवली.

मी खरा आकडा लिहिला.
शेजारी कारणाचा रकाना असतो,
तिथे रेघ ओढली.

पर्समध्ये एक पुडी होती,
ग्राझला मुलीकडे गेले होते तेव्हाची.
त्याने ती उजेडात धरली, मागची बाजू वाचली,
कानाशी नेऊन हलवली, दाणे वाजले.
मग उठला, भिंतीला हात लावत,
आणि न्हाणीघरात गेला,
पातं आणायला.